उंबरठ्याची उंची

घर भाड्याने देणे ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गात अजूनही थोड्या संकोचाने सांगितली जाते. शहरातली सदनिका भाड्याने दिली तर ती गुंतवणूक ठरते. गावचे वडिलोपार्जित घर दोन रात्रींसाठी अनोळखी माणसांच्या हवाली केले, तर नातेवाइकांच्या चेहऱ्यावर 'एवढी काय वेळ आली होती?' असा प्रश्न उमटतो. गेली तीन वर्षे आम्ही हा प्रश्न वाचतो आहोत. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात एक कवेलूचे जुने घर आहे; आमच्यापैकी एकाचे ते वडिलोपार्जित घर आणि दुसरीचे सासर. सुट्टीत येणाऱ्या कुटुंबांना आम्ही ते भाड्याने देतो. या उद्योगात हिशेब, गवंडी, सुतार आणि प्लंबर यांच्याशी जितका संबंध आला, तितकाच आम्ही वर्गात ज्यांविषयी बोलतो त्या गोष्टींशीही आला. त्यातून झालेले एक मत येथे मांडायचे आहे. भाड्याचे घर सुधारणे म्हणजे त्याच्या उंबरठ्यावर आजवर कोण अडत होते याचा शोध घेणे आणि तो उंबरठा उतरवणे, असे आम्हांला वाटू लागले आहे. उरलेली सारी डागडुजी होय. ती आवश्यक असते, पण तिला सुधारणा म्हणण्याची घाई करू नये.

आधी परिसराविषयी. आमचे गाव बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेपासून थोडे आत आहे. बोरच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र, म्हणजे ताडोबा किंवा मेळघाटच्या मानाने अगदीच लहान. परंतु नागपूर जवळ असल्याने शनिवार-रविवारी वर्दळ असते. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्राम आणि पवनार. तेथे शाळांच्या सहली येतात, अभ्यासक येतात, तरुणपणी कधी शिबिराला आलेली आणि आता नातवंडांना ती जागा दाखवू इच्छिणारी वृद्ध माणसे येतात. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५मध्ये उरलेला मार्गही खुला झाला. पूर्वी आमच्या गावात येणारा माणूस कुणाचा तरी कुणी असे. आता तो नकाशावर बोट ठेवून येतो. शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना त्याही आधीपासून आहे. घरात अनोळखी माणूस ठेवणे ही गोष्ट अशा रीतीने कागदोपत्री प्रतिष्ठित झाली आहे. मनातून ती झाली आहे काय, हा वेगळा प्रश्न.

घर साधे आहे. वाडा म्हणावे इतके ते मोठे नाही, जरी गावात त्याला वाडाच म्हणतात. समोर आंगण, मग लांब सपरी, सपरीत बंगई. आत माजघर, त्याच्या एका हाताला देवघर आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या हाताला धान्याची कोठी. मागे न्हाणी, विहीर आणि सांदवाडी. भिंती मातीच्या आणि दीड हात रुंद, वर सागाच्या मयाली, त्यांवर कवेलू. आई गेल्यानंतर घराला कुलूप लागले. पहिल्याच पावसाळ्यात कोठीचा कोपरा गळू लागला आणि दुसऱ्या वर्षी दाराच्या चौकटीला उधळी लागली. कुलूपबंद मातीचे घर किती झपाट्याने मातीकडे परत जाऊ लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आमची घाई समजेल. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागतात. ते काम करणारी माणसे आता गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांची मजुरी दोन प्राध्यापकांच्या पगारातून, शहरातल्या घराचे हप्ते फेडता फेडता, दरसाल काढणे सोपे नव्हते. म्हणून भाडे. यात कसलाही उदात्त हेतू नव्हता, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

मालकीचा प्रश्न त्याआधी आला. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वडिलांचे आणि काकांचे नाव होते. काकांची मुले पुण्यात. त्यांनी संमतीचे कागद आनंदाने पाठवले, कारण त्यांच्या दृष्टीने ते घर आठवणीपुरते उरले होते. दोन आत्यांचे नाव मात्र कुठेच नव्हते. आजोबा १९८०च्या दशकात वारले तेव्हा दोघींनी हक्कसोडपत्र करून दिले होते. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलींचा वाटा तेव्हाही होता. जन्मसिद्ध समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. परंतु कायदा काहीही म्हणो, वाटा मागणारी मुलगी 'माहेर तोडणारी' ठरत असे. एकेक लुगडे आणि 'माहेर तुला कायम उघडे आहे' एवढ्या आश्वासनावर दोघींच्या सह्या झाल्या. आपल्या ओव्यांतून आणि लोकगीतांतून माहेर या शब्दाला जे गहिरेपण आले आहे, त्याचा एक आर्थिक पायाही आहे, हे वर्गात शिकवताना आमच्याही क्वचितच ध्यानात येते. माहेर हे स्त्रीचे असे घर, जेथे ती जन्मते आणि जेथे नंतर ती पाहुणी असते. त्या घराच्या दुरुस्तीच्या कागदांवर आम्ही सह्या गोळा करीत होतो, तेव्हा धाकटी आत्या एवढेच म्हणाली, "माझी सही लागत नाही, नाही का?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तेच अधिक लागले.

मग प्रत्यक्ष काम सुरू झाले. येथे आमच्या चुका सांगणे वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पहिली चूक सिमेंटची. एका कंत्राटदाराने सांगितले की मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की पन्नास वर्षे पाहायला नको. आम्ही केला. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचे कवच तिला ती सोडू देत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगवटे आले आणि बोटाने टोकरले तर परातीएवढा पापुद्रा निघू लागला. तो सारा काढून पुन्हा माती, भुसा आणि शेणाचा थर व वर चुना असे करावे लागले. दुसरी अडचण पायाची. आमच्याकडची काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर नवी भिंत जुन्या भिंतीला घट्ट जोडून बांधली तर सांध्यात तडा ठरलेला. मागचे नवे संडास-न्हाणीघर म्हणून घरापासून सुटे ठेवले. तिसरी अडचण वानरांची. जंगलाच्या कडेची गावे हळूहळू कवेलू टाकून टिनाकडे वळत आहेत, त्याचे एक मोठे कारण वानरे आहेत. त्यांची एक टोळी छपरावरून धावत गेली की शेकडा कवेलू फुटतात. कवेलूचे घर पाहून हरखणाऱ्या पाहुण्याला शेजाऱ्याचे टिन दिसते आणि तो हळहळतो. टिनाखाली मे महिन्यात दुपार काढणे काय असते ते शेजारी जाणतो. पण कवेलू दरसाल घेण्याची ऐपत त्याच्यात नसते, आणि आमच्यात ती भाड्यामुळे आली आहे. सौंदर्यदृष्टीलाही छप्पर असते आणि त्याचा खर्च कुणीतरी करीत असते.

या टप्प्यावर आमच्या एका स्नेह्याने, जो अंतर्गत सजावटीचा व्यवसाय करतो, घर पाहिले आणि सल्ला दिला. त्याच्या मते आमच्याकडे 'माल' होता, फक्त तो मांडला नव्हता. जाते सपरीत आणावे, पाटा-वरवंटा दाराशी ठेवावा, बैलगाडीच्या चाकाचे टेबल करावे, भिंतीवर कंदील टांगावेत आणि पाहुण्यांना पितळेच्या ताटात जेवू घालावे. यात टाकाऊ असे काही नव्हते आणि असे सजवलेले घर भाड्याला लवकर लागते, हेही खरे. पण ते ऐकताना आम्हांला महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' राहून राहून आठवत होते. १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात विदर्भातले एक देशपांडे घराणे आहे, तात्याजींच्या मृत्यूनंतर एकत्र आलेले कुटुंब आहे, आंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे आणि शिकू न दिली गेलेली प्रभा आहे. वाड्याची कोसळण ही तेथे केवळ चुन्या-विटांची नाही. ज्या व्यवस्थेवर वाडा उभा होता ती आतून पोकळ झाली आहे. ते नाटक शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो की नाटककार वाड्यासाठी रडत नाही, वाड्यात कोण रडत होते ते दाखवतो. आणि आता आमच्याच घरात, पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी, ट्रॅक्टर पुसून आंगणात नीट उभा करायचा विचार आम्ही करीत होतो! स्मरणरंजनाची गंमत अशी असते की ते नेहमी मालकाच्या बाजूने आठवते. जाते सपरीत शोभते. पहाटे त्यावर वाकलेल्या बाईला ते शोभेचे वाटत असेल असे मानायला आधार नाही.

या सजावटीतच ती गोष्ट घडली. सपरीच्या अगदी टोकाला, आंगणाकडच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा आहे. आमच्या स्नेह्याला तो फार आवडला. त्यात दिवा ठेवावा, खालून प्रकाश सोडावा, असे त्याने सुचवले. कोनाडा साफ करायला घेतला तेव्हा आतून धुळीने माखलेले, कान तुटलेले दोन कप निघाले. ते कुणाचे, हे आम्हां दोघांपैकी एकाला तत्काळ आठवले. शेतात कामाला येणाऱ्या महार वस्तीतील माणसांचे ते कप. चहा झाला की माणूस आंगणात उभा राहून तो कप काढी, आई वरून चहा ओती, पिऊन झाल्यावर तो कप धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवी. आई प्रेमळ होती. सणाला त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवी, आजारपणात दवाखान्याचे पैसे देई. आणि कप कोनाड्यात असे. या दोन गोष्टी एका माणसात इतक्या सुखाने नांदत होत्या की आम्हां मुलांना त्यात विसंगती दिसली नाही. दलित आत्मकथने वर्गात शिकवताना जो संताप आमच्या आवाजात येतो, त्या संतापाला आपल्या घरातला कोनाडा चाळीस वर्षे दिसला नव्हता.

आता हे घर सांभाळणाऱ्या ज्या ताई आहेत, त्यांच्या सासूबाई त्यांपैकी एका कपातून चहा पीत. ताई पन्नाशीच्या आहेत. किल्ल्या त्यांच्याकडे, पाहुण्यांचे येणे-जाणे त्यांच्याकडे आणि स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात. कपांचे काय करावे, असे आम्ही त्यांना विचारले. आमच्या मनात ते जपावेत, एखाद्या चौकटीत ठेवावेत, येणाऱ्याला या घराचा इतिहास प्रामाणिकपणे सांगावा, असे काहीसे होते. ताईंनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "फेका नं, कायले ठेवता?" आम्ही थोडा वाद घातला. मग उमगले की कप जपण्याची निकड आमची होती. आमच्या मनाला बरे वाटावे म्हणून त्यांच्या घरचा अपमान आमच्याच भिंतीवर टांगला जाणार होता. ताईंनी ते दोन्ही कप उकिरड्यावर टाकले. त्या कोनाड्याशेजारी विजेचा एक पॉइंट होता. आता तेथे त्यांचा मोबाइल चार्जिंगला असतो.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर आम्ही स्वतःवर खूश राहिलो असतो. पुढच्या उन्हाळ्यात एक फोन आला. माणूस सुशिक्षित, भाषा सौजन्याची. खोल्या, कुलर, जंगल-सफारीच्या वेळा असे सारे विचारून झाल्यावर त्याने किंचित थांबून विचारले, "जेवण कोण बनवतं? म्हणजे, घरचेच ना?" प्रश्नाचा अर्थ न कळण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. आमच्या तोंडून उत्तर गेले, "हो, अगदी घरचं जेवण असतं." शब्दांत खोटे काहीच नव्हते. शब्दांचाच व्यवसाय करणाऱ्यांनी शब्दांच्या आड लपण्याचा तो एक उत्तम नमुना होता. ताई पलीकडे भाजी निवडत बसल्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "सांगून द्या नं, मी करतो म्हणून. ज्याले याचं अशीन थो येईन." आम्ही पुन्हा फोन लावला आणि सांगितले. ते कुटुंब आले नाही. त्यानंतर पाहुण्यांना पाठवायच्या माहितीपत्रात स्वयंपाक कोण करते हे ताईंच्या पूर्ण नावानिशी आम्ही लिहू लागलो. ताईंचा पगारही आम्ही बंद केला. शेतीत बटई असते तसा भाड्याचा तिसरा हिस्सा त्यांचा, असे ठरवले. 'घरचे जेवण' हा शब्दप्रयोग खरा करायचा तर ते घर ज्यांचे, त्यांत त्या असायला हव्यात.

पैसे मोजून येणाऱ्या माणसाला घर आपोआप उघडते, असा एक समज आहे. बाजार जात पाहत नाही, असे म्हटले जाते. त्यावर आपल्याकडे एक मोठी साक्ष आहे. १९१७ साली परदेशात शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. हाती पैसे होते, संस्थानची नोकरी होती. अखेर एका पारशी उतारागृहात पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. थोड्याच दिवसांत ओळख फुटली, काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि ती जागा सोडावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. खोली रिकामी होती आणि भाडे द्यायला माणूस तयार होता. उंबरठा मात्र पैशाने उतरला नाही. तो घरवाल्याने उतरवावा लागतो, आणि त्यासाठी त्याने तो आधी पाहावा लागतो.

वर्धा जिल्ह्यात राहून हे न कळणे अधिक लाजिरवाणे आहे, कारण घर कसे असावे यावर या जिल्ह्याने प्रत्यक्ष बांधून दाखवलेला एक निबंध आहे. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले. १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधवून घेतलेली झोपडी होती. माती, बांबू, कवेलू, सारे आसपासचे. पुढे गांधीजी तेथे राहू लागले, तशी तिच्यात भर पडत गेली. इव्हान इलिच १९७८च्या जानेवारीत सेवाग्रामला आले होते आणि या कुटीवर त्यांनी एक भाषण दिले होते. लिहायला बसणारे आम्ही त्याकडे पुन्हा पुन्हा वळतो. एवढ्याशा कुटीत त्यांनी सात प्रकारच्या जागा मोजल्या: पादत्राणे काढायची जागा, सगळ्यांची मधली खोली, गांधीजींची बसण्याची व कामाची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्यांची खोली, मोकळी ओसरी आणि न्हाणीघर. सामान ठेवायची जागा म्हणजे घर, ही कल्पना तेथे नाही, हे त्यांना जाणवले. आम्हांला त्या यादीतल्या दोन नोंदी महत्त्वाच्या वाटतात. ज्या घरात मालकाला स्वतःसाठी फारसे काही नको होते, त्या घरात पाहुणा आणि आजारी यांच्यासाठी स्वतंत्र जागा होती. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले तेव्हा त्यांना ठेवून घेण्यात आले आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. त्या काळी कुष्ठरोग्याला उंबऱ्याच्या आत घेणे म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही.

याच वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. याच जमनालालजींचा पवनारला धाम नदीच्या काठी एक बंगला होता. १९३८ साली प्रकृती ढासळलेले विनोबा तेथे राहायला गेले आणि पुढे ती जागा परंधाम आश्रम म्हणून ओळखली जाऊ लागली. धनिकाचा नदीकाठचा बंगला, त्यात विश्रांतीला आलेला माणूस, आणि त्याच्या येण्याने बदललेली ती वास्तू. आमच्या उद्योगाचा याहून मोठा पूर्वज या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. अर्थात, पुरुषांनी वारसाहक्काने मिळवलेली वास्तू उदारपणे उघडणे आणि ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी ती उघडायला लावणे, यांतला फरक विसरता येत नाही. मंदिर उघडणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. शतकानुशतके पायरीशी थांबलेल्यांची नावे राहत नाहीत. आमच्या कोनाड्यातल्या कपांवरही नाव नव्हते.

भाषेच्या अंगानेही एक विचार सुचतो. अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी एक व्युत्पत्ती आपण आवडीने सांगतो. आमच्या अतिथीची तिथी महिनाभर आधी ठरलेली असते आणि आगाऊ रक्कमही आलेली असते. मग त्याला काय म्हणावे? 'गिऱ्हाईक' म्हटले तर घराचे दुकान होते, 'भाडेकरू' म्हटले तर कज्जाचा वास येतो, 'पाहुणा' म्हटले तर थोडी लबाडी होते, कारण पाहुण्याकडून कुणी पैसे घेत नाही. ताई त्यांना 'आलेले लोक' म्हणतात. "आलेल्या लोकायले चहा द्याचा आहे." या दोन शब्दांत जात नाही, नाते नाही, दर नाही, आले आहेत एवढेच आहे. मराठीच्या दोन प्राध्यापकांना जो शब्द सुचला नाही तो असा विनासायास मिळाला.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. कोनाडा रिकामा झाला तरी दरपत्रक आले, आणि दरपत्रक हाही उंबरठाच. आमच्या घरातली एक रात्र गावातल्या मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी आहे. ज्या माणसांना पूर्वी जातीमुळे सपरीच्या आत येता आले नाही, त्यांतल्या बहुतेकांना आता पैशामुळे येता येणार नाही. शिवाय अशा घरांची संख्या वाढली की गावाचे काय होते, हे जगाने पाहिले आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ अखेरीस संपुष्टात आणले जातील, कारण शहरातल्या लोकांनाच घरे परवडेनाशी झाली. आमच्या गावाचे दुखणे आज उलटे आहे. येथे माणसांना घरे कमी नाहीत, घरांना माणसे कमी आहेत आणि दारांवर कुलुपे आहेत. पण महामार्गापासून जंगलापर्यंतच्या पट्ट्यात शेतजमिनीची चौकशी करीत हिंडणाऱ्या गाड्या आम्हीही पाहतो. या आक्षेपाला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. उन्हाळ्यात मुले परीक्षेचा अभ्यास करायला सपरीत बसतात, गावातल्या लग्नाचे वऱ्हाड उतरायला घर विनामूल्य दिले जाते आणि वर्षातला पावसाळा, जेव्हा सफारी बंद असते, तो भाड्याविना ठेवला आहे. हे उत्तर नव्हे, याची जाणीव आहे. उंबरठा एकदाच उतरवून भागत नाही. तो दर पिढीत वेगळ्या ठिकाणी पुन्हा उगवतो, एवढे मात्र शिकलो.

शेवटी धाकट्या आत्याविषयी. गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला. चार दिवस यायचे आहे, कोठीशेजारची खोली हवी. ती खोली तिच्या आईची. आम्ही म्हणालो, आत्या, कधीही ये, विचारायचे काय त्यात. ती म्हणाली, "तसं नाही. तुमचं जे भाडं असेल ते सांग, मी पाठवते." आम्ही रागावलो, विनवण्या केल्या, माहेरी कुणी भाडे देते का म्हणालो. तिने ऐकले नाही. ती आली, पैसे आधी पाठवून आली. चार दिवस ती हवी तेव्हा उठली, कुणाला विचारल्याशिवाय विहिरीवर जाऊन बसली आणि भाजी आवडली नाही तेव्हा तसे ताईंना सांगून दुसरी करायला लावली. निघताना म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं येते आहे इथं. भावाची, मग वहिनीची मर्जी सांभाळून. या वेळी पहिल्यांदा कुणाची मर्जी सांभाळली नाही." आम्ही तिच्या वाट्याविषयी नीट बोलायला हवे होते, कायद्याने आज काही देणे लागत नसेल, पण देण्यासारखे पुष्कळ आहे. ते बोलणे त्या दिवशी झाले नाही. तिने दिलेल्या पैशांची पावती मात्र तिने मागून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

यंदा मृगाच्या आधी कवेलू फेरायचे आहेत. त्याच सुमारास पुण्याच्या भावंडांना बोलावून नमुना आठवरच्या नावांचा विषय काढायचा, असे आम्ही ठरवले आहे. छपराचे काम तुलनेने सोपे जाईल.